गाठी सोडल्या होत्या का?

तुम्ही माझ्या बायकोला बांधून पुरलंत. हे मी तुमच्या तोंडावर सांगितलं असतं, पण तुमचं तोंड मला कधी दिसलंच नाही. पांढरे झगे, डोळ्यांवर जाड चष्मे, तोंडाला कापड, हातात मोज्यांवर मोजे. त्यातले तुम्ही कोण, तुमच्या वरचा कोण, आणि त्याच्याही वर गार खोलीत बसून हुकूम काढणारा कोण, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. म्हणून मी सगळ्यांना मिळून तुम्ही म्हणतो. दोरीच्या अलीकडे मला उभं केलंत. दोरीच्या पलीकडे पार्तिनाची पेटी खाली सोडलीत. त्यानंतर मी गप्प राहिलो, गाडी चालवली, जेवलो, दाढी केली, लोकांशी भांडलो. गप्प बसायची सवय लागली होती. ती सवय या ईदच्या सुट्टीत एका सिनेमानं मोडली. सिनेमा काही तुम्ही काढला नाही, एवढं मला कळतं. पण त्या दुपारपासून कोणी काय केलं याची माझ्या डोक्यात अशी सरमिसळ झालीय, की मला पडद्यावरच्या माणसांचा राग येतो आणि तुमच्याकडे बघून ओरडावंसं वाटतं, आणि तुम्ही तर कुठं दिसतच नाही.

मी जाणारच नव्हतो. पोरगी, वेनिंग, सणासाठी बकासीहून समारांगला आली होती. नवरा त्याच्या आईबापांकडे गेलेला, त्यामुळे ती आणि मी, दोघंच घरात. आमच्या गल्लीत भरतीचं पाणी येतं. दाराशी येऊन थांबतं, कधी आत येतं, मग जातं. मी सुट्टीच्या दिवशी उंबऱ्यावर बसून तेच बघतो. वेनिंग म्हणाली, "बापाक, उठा. पाणी चढतं तो काही सिनेमा नाही, बघत बसायला." मी म्हटलं, "कसला आहे?" "भुताचा. सणाला दुसरे येतात कुठं? हसायला येतं हो, भीती नाही वाटत." "घाबरायला एवढ्या लांब कशाला जायचं? माझ्या गाडीत मागं बसलेल्या प्रवाशांना विचार." ती हसली. आईसारखी हसते, खालचा ओठ आत ओढून. त्या हसण्यामुळे मी शर्ट बदलला. एवढंच कारण.

पोचोंगचा सिनेमा होता. कफनात बांधलेलं मढं: डोक्यावर गाठ, छातीशी, कमरेशी, गुडघ्यांशी, पायाशी. कबरीत ठेवल्यावर घरच्या माणसानं त्या गाठी सोडायच्या, मगच माती लोटायची. कुणी सोडायला विसरला तर ते उठतं. पाय बांधलेले म्हणून चालता येत नाही, उड्या मारत येतं, आणि जो विसरला त्याच्या दारात येऊन उभं राहतं, सोड म्हणतं. लहानपणी आम्ही चादरीत स्वतःला गुंडाळून हाच खेळ खेळायचो आणि तोंडावर आपटायचो. म्हणजे यात नवं काही नव्हतं. सिनेमागृहात सगळं गाव लोटलेलं, नव्या कपड्यांतली, तेलकट बोटांची माणसं. किंचाळायची, लगेच हसायची, एकमेकांना चापट्या मारायची. मीही हसलो. पडद्यावरचा नवरा एवढा मूर्ख होता की त्याला दोन वेळा केळीच्या झाडात मेलेली बायको दिसली आणि दोन्ही वेळा तो बॅटरी आणायला आत गेला. मग एक दृश्य आलं. स्वयंपाकघर, मागचं दार उघडं, दारात ती पाठमोरी उभी. तोंड अजून दाखवलेलं नव्हतं. तोंड पुढं दाखवलं तेव्हा नेहमीचंच होतं, सडकं, काळं, रंगवलेलं, त्याचं काही नाही. पण ती पाठ. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, डावीकडे कलून. बांधलेल्या माणसाला असं एका पायावर भार देता येत नाही. पार्तिनाचा उजवा गुडघा दुखायचा. सकाळी गिऱ्हाइकांच्या पिशव्यांत सूप भरून झालं की ती मागच्या दाराला अशीच टेकायची, डाव्या पायावर, आणि माझ्याकडे न बघता म्हणायची, "पाकने, चहा टाकते." आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, पोरीचा बाप म्हणून हाक मारते. पडद्यावरचा मूर्ख तिच्याकडे बघत उभाच राहिला, नुसता उभा, आणि माझ्या तोंडून मोठ्यानं निघून गेलं, "अरे सोड की तिला!"

सगळं सिनेमागृह हसलं. मागून एकजण म्हणाला, "काका, तुम्हीच या सोडायला!" दुसरा म्हणाला, "जपून हं काका, गाठ सोडली तर निकाह लावावा लागेल!" आणखी हसले. वेनिंगनं माझ्या मनगटावर हात ठेवला. तिचा हात गार होता. पण तिथं सगळंच गार होतं, त्यावरून काही सांगता येत नाही. पुढं सिनेमात काय झालं ते मी पाहिलं आणि पाहिलं नाही. शेवटी नवऱ्यानं गाठी सोडल्या, ती मऊ होऊन खाली कोसळली, दिवे लागले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. एवढं सोपं. मी खुर्चीतून उठेना. माझ्या डोक्यात एकच वाक्य, तेही अर्धं. की पार्तिनाच्या.

खाली गर्दीच्या हॉटेलात वेनिंगनं दोघांसाठी मांसाच्या गोळ्यांचं सूप घेतलं. ती एक गोळा चमच्यानं कापत बसली, खात नव्हती. मी म्हटलं, "तुझ्या आईच्या गाठी—" ती लगेच म्हणाली, "त्या सोडणं बंधनकारक नसतं, बापाक. सोडल्या तर चांगलं, नाही सोडल्या तर पाप नाही. मोदिनकाकांनी सांगितलंय." मोदिन म्हणजे आमच्या मशिदीतला, मयतीचे विधी करणारा. ती एवढ्या झटकन बोलली की मला त्या उत्तराआधी काहीतरी ऐकू आलं. "सांगितलं म्हणजे तू विचारलंस." तिनं गोळा आणखी कापला. "कधी?" "त्याच आठवड्यात. फोनवर." "मला का नाही सांगितलंस?" "तुम्ही कुठं काही विचारलंत? तुम्ही तर दुसऱ्या दिवशी गाडी काढलीत." तिनं गोळ्याचे चार तुकडे केले आणि सूप बाजूला सारलं. म्हणजे इतके दिवस तीही हेच घेऊन बसली होती, बकासीला, ऑफिसात, नवऱ्याशेजारी झोपताना. आम्ही दोघं सणाला भेटायचो, कबरीवर फुलं टाकायचो, आणि दोघंही मातीकडे बघून एकच गोष्ट विचारायचो, आणि दोघांनाही वाटायचं की हे आपल्याला एकट्यालाच. की मला तेव्हा काही वाटतच नव्हतं, सिनेमानंच घातलं डोक्यात? हेही मला नक्की सांगता येत नाही. मी आता आठवतो तेव्हा वाटतं की मी पहिल्या दिवसापासून विचारत होतो. पण आठवणीवर माझा भरवसा उरलेला नाही.

बापाच्या वेळचं मात्र सगळं आठवतं. मी तेव्हा मिसरूड फुटलेला. कबरीत उतरणारे तिघं, मी मधे, कमरेपाशी. माती ओली, मऊ, थंड, बोटं रुतत होती. वरून मोदिन वाकून सांगत होता, "डोक्याकडची आधी, कार्सोनो, घाई नको." कफनाच्या गाठी अशा मारलेल्या असतात की एका हिसक्यात सुटाव्यात. बांधतानाच सोडायचा विचार करून बांधतात. मी टोक ओढलं आणि कापड सैल झालं. पोट भरल्यावर माणूस कमरेची गाठ ढिली करतो ना, तसं. बाप आयुष्यभर ताठ, खांद्यात आखडलेला, गोदीवर पोती वाहणारा. तो त्या एका हिसक्यानं मोकळा झाला. मग त्याला कुशीवर वळवला, गालावरचं कापड बाजूला केलं, गाल उघड्या मातीला टेकवला, पाठीशी मातीचे गोळे लावले, मागं कलंडू नये म्हणून. मी वर आलो तेव्हा माझ्या नखांत माती होती आणि मला रडायला आलं नाही, कारण काम पुरं झालं होतं. ही गोष्ट माझ्या हाताला माहीत आहे. डोक्याला विचारू नका, हाताला विचारा. आणि पार्तिनाचं विचारलं की हात गप्प बसतो. हाताकडे काहीच नाही. दोरी होती, ती पिवळी-काळी, तुम्ही बांधलेली, माणसांना अडवायची. माझ्या हाताला फक्त तीच आठवते.

टेकडीवरची ती जागा नवी होती, साथीत मेलेल्यांसाठी काढलेली. झाडं नव्हती, यंत्रानं खणलेले खड्डे ओळीनं, दूरवर. एका गाडीतून पेट्या उतरत होत्या. पेटीला बाहेरून प्लॅस्टिक, आत प्लॅस्टिक. तुम्ही सहाजण होतात की आठजण, मी मोजलं नाही. दोरांवर धरून उतरवलीत, फवारा मारलात, यंत्रानं माती लोटली. पेटी उघडली नाहीत, कुशीवर वळवणं नाही, गाल मातीला लावणं नाही. कर्ण्यातून एकजण सारखा सांगत होता, मागं व्हा, मागं व्हा. मोदिन आमच्याबरोबर दोरीअलीकडेच होता, लांबूनच दुआ म्हणत. मी त्याला विचारलं, "गाठी?" तो म्हणाला, "अल्लाह माफ करणारा आहे." मी विचारलं काय आणि तो म्हणाला काय. माफ कुणाला? तिला? तिनं काय केलं होतं? ती तर सकाळी सूप विकायची. मला? मी तर अलीकडे उभा होतो.

तिचं सूप लोकांना पाठ होतं, त्याहून जास्त तिच्या गाठी. प्लॅस्टिकच्या पिशवीत सूप ओतायची, पिशवी फुगवायची, रबर दोनदा की तीनदा फिरवून अशी बांधायची की सुटायची नाही. कारखान्यातल्या पोरी ओरडायच्या, "पार्तिनाताई, ही पिशवी दातानं फोडावी लागते हो!" ती म्हणायची, "फोडा की. रस्त्यात सांडली तर माझ्याच नावानं बोंब माराल." लॉन्तोंग बांधायची तेही तसंच, केळीच्या पानात भात घट्ट, दोन्ही टोकांना काडी. रात्रभर उकळलं तरी पान उलगडायचं नाही. मी थट्टा करायचो, "तुला बांधून ठेवायची हौस, तुला कोण सोडवणार?" हे मी म्हणालो होतो का खरंच? की सिनेमा पाहिल्यावर मी ते मागं जाऊन तिच्या स्वयंपाकघरात म्हणून आलोय? म्हणालो असेन तर ती काय म्हणाली? खालचा ओठ आत ओढून हसली असेल. मी तिचं हसणं घालतोय तिथं. नको घालायला.

सिनेमाहून घरी आलो तेव्हा ऊन कलत होतं, गल्लीत घोट्याएवढं पाणी. वेनिंगनं सणासाठी सगळ्या खोळी बदलल्या होत्या, पांढऱ्या. झोपायच्या खोलीच्या दारात मी उभा राहिलो. पलंगावर, पार्तिनाच्या बाजूला, आमचा गुलिंग. कुशीत घ्यायचा लांबट लोड, माणसाएवढा. पांढरी खोळ, दोन्ही टोकांना नाडी ओढून बांधलेली, डोक्याशी आणि पायाशी. गुलिंगला सगळेच चिडवतात, पोचोंग पोचोंग म्हणून, आईबाप पोरांना भिववतात. मलाही हसू आलं. ती गेल्यापासून मी त्यालाच मिठी मारून झोपतो, हे कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हालाच सांगतोय. हसू आलं आणि मग ते थांबलं. मी जाऊन डोक्याकडची नाडी सोडली. डोक्याकडची आधी, घाई नको. मग पायाकडची. कापूस जरा बाहेर आला. सकाळी वेनिंग म्हणाली, "ही नाडी कुणी सोडली?" "मांजरानं." "आपल्याकडे मांजर कुठंय?" "मग घुशीनं." तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, नाडी परत बांधली. संध्याकाळी मी सोडली. सकाळी तिनं बांधली. सणाचे दिवस आम्ही असे काढले, एक बांधतोय, एक सोडतोय, आणि तोंडानं शेवयांची, नातेवाइकांची, रस्त्यावरच्या गर्दीची चर्चा.

मी मोदिनकडे गेलो. सापुआन मोदिन आता थकलाय, ओसरीवर पाय पसरून बसतो. चहा आला. मी सरळ विचारलं. तो म्हणाला, "सिनेमे बघून धर्म शिकायला लागलास होय रे? दोरी कापडाची असते, कार्सोनो. वर्षभरात मातीत गळून जाते. आता सोडलेली काय आणि न सोडलेली काय, सगळं एकच." मी म्हटलं, "प्लॅस्टिकात गळते?" तो चहा प्यायला लागला. "मोदिन, मी भरतीच्या पाण्यात राहतो. माझ्या दारात प्लॅस्टिक येतं, वर्षानुवर्षं तेच येतं. त्याच्यावरची अक्षरंसुद्धा वाचता येतात. गळत नाही ते." मग म्हातारा चिडला. चिडला की तो खरं बोलतो. "मला काय विचारतोस? मला तरी आत घेतलं का त्यांनी? आंघोळ घातली की पाण्याऐवजी नुसती माती फिरवली, कफन तीन पदरी की एक, गाठी मारल्या की मारल्याच नाहीत, मला काय माहीत? मारल्याच नसतील तर सोडायच्या काय?" हे मला सुचलंच नव्हतं. मारल्याच नसतील. म्हणजे ती उघडीच, पिशवीत. हे बरं की वाईट, मला ठरवता येईना. मोदिन जरा निवळला. "ती आली का कधी तुझ्याकडे? सिनेमातल्यासारखी?" "नाही." "मग झालं तर. सुटली म्हणायची. घरी जा."

घरी जा म्हणाला आणि मी गेलो, पण वाटेत मला गाडी बाजूला घ्यावी लागली. आली नाही. सुटली. हे ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं. मला मुस्काटात मारल्यासारखं झालं. मागच्या दाराची कडी मी ती गेल्यापासून लावत नाही. वेनिंग रागावते, शेजारी रागावतात, चोर येतील. मी म्हणतो, पाण्यानं लाकूड फुगलंय, कडी बसत नाही. फुगलंय खरं. पण जोर लावला तर बसते. मी कधी जोर लावला नाही. गाडीत स्टिअरिंगवर हात ठेवून मला पहिल्यांदा स्वच्छ दिसलं की मी वाट बघत होतो. माझी बायको मातीत बांधलेली असावी, तिचे पाय जुळवून आवळलेले असावेत, गाल प्लॅस्टिकला चिकटलेला असावा, म्हणजे ती उठेल, उड्या मारत टेकडी उतरेल, पाण्यातून येईल आणि मागच्या दारात उभी राहील, आणि मी सोडीन. हे वाटणारा माणूस कोण? मी तिच्यावर तुमच्याहून वाईट काहीतरी इच्छिलं. आणि तरी मला ते वाटणं थांबवता येत नाही. मागून हॉर्न वाजत होते. एकजण काच खाली करून ओरडला, "म्हाताऱ्या, मेलास का?" मी म्हटलं, "नाही अजून."

मग मी तुमच्याकडे आलो. म्हणजे तुमच्या सरकारी कचेरीत. तुमच्यातलं कुणी तिथं नव्हतं. खिडकीतली बाई म्हणाली, त्या वेळचं आता कुणीच नाही, बदल्या झाल्या. मी म्हटलं, एकच विचारायचंय, गाठी सोडल्या होत्या का. ती म्हणाली, "कसल्या गाठी?" मग तिला कळलं आणि ती हसली. "काका, तो सिनेमा बघून आलात ना? तुम्ही पहिले नाही. सणापासून रोज कोणी ना कोणी येतंय. आम्ही सगळं नियमानं केलंय." "नियमात गाठी होत्या?" "नियमात—" ती थांबली. तिनं मागं वळून पाहिलं, खिडकीकडे जरा पुढं झुकली. नव्या कपड्यांना इस्त्रीचा वास येत होता. हळू आवाजात म्हणाली, "माझे वडीलही तसेच गेले. तुम्हाला कळलं तर मला सांगाल?" मी तिला काय सांगणार? मी मान हलवली. बाहेर आलो तर मला तिचाही राग आला. तुमच्याच खिडकीत बसलेली, आणि तिलाही माहीत नाही. मग माहीत आहे कुणाला?

पार्तिना गेल्याच्या हजाराव्या दिवसाचं जेवण झालं, वेनिंग त्यासाठीच थांबली होती. भात, कोंबडी, शेजारीपाजारी, दुआ. हजारावा झाला की कबरीवर दगड बसवतात, कायमचा. त्याआधी माती उघडी असते, सैल असते. तोवर काही विसरलं असेल, राहिलं असेल, तर अजून वेळ आहे असं वाटतं. दगड बसला की संपलं. दगड तयार होता, करडा, पॉलिश केलेला, त्यावर पार्तिनाचं नाव. मी तो माझ्याच अंगकोतमध्ये, प्रवासी भरायच्या गाडीत, घालून टेकडीवर नेला. समोरासमोर दोन बाकडी, मधल्या जागेत दगड. आता तिथं झाडं लावलीत, चाफा, पण अजून कमरेएवढाच आहे, सावली देत नाही. गवंडी घमेलं घेऊन बसला होता. मी म्हटलं, "आज नाही." तो म्हणाला, "सिमेंट कालवलंय हो." वेनिंग म्हणाली, "बापाक, आज नाही तर कधी?" "उत्तर आल्यावर." "कुणाचं उत्तर?" ती रडायला लागली, रागानं. "आईला तरी गप्प पडू द्या! तुम्हाला काय वाटतं, मला वाटत नाही? पण उकरणार आहात का? प्लॅस्टिक फाडणार आहात? आणि आत काय बघणार?" मी म्हटलं, "उकरणार नाही." "मग?" "विचारणार." गवंड्यानं आमच्याकडे पाहिलं, सिमेंटकडे पाहिलं, आणि कालवलेलं शेजारच्या कबरीच्या फुटलेल्या कडेला लावून टाकलं. वाया घालवायचं नाही म्हणाला. वेनिंग संध्याकाळच्या गाडीनं गेली. जाताना तिनं गुलिंगची नाडी बांधली नव्हती. मी मुद्दाम पाहिलं.

दगड अजून माझ्या गाडीत आहे. मी त्याच्यासकट बाजार ते बंदर फेऱ्या मारतो. लोक चढतात, पाय कुठं ठेवावेत कळत नाही, वाकून नाव वाचतात. परवा एकानं विचारलं, "ही पार्तिना कोण?" म्हटलं, "माझी बायको." त्यानं दोन्ही पाय उचलून बाकड्यावर घेतले, पुढच्या वळणावर म्हणाला, "थांबवा, थांबवा, इथंच उतरायचंय." तिथं नुसता नाला होता. कारखान्यातली एक बाई मात्र पाय न उचलता बसून राहिली. उतरताना म्हणाली, "सूपवाली ना? हिच्या पिशवीची गाठ मला एकदाही सुटली नाही." एवढं बोलून गेली. मी आरशात दगडाकडे पाहिलं. आणि तेव्हा, भर बाजारात, हिरवा दिवा लागलेला असताना, मला ते कळलं. सिनेमागृहात बसलेल्या सगळ्यांना जे माहीत होतं, चादरीत गुंडाळून आपटणाऱ्या आम्हा पोरांनाही जे माहीत होतं. ते कुणाच्या दारात येतं? जो सोडायला विसरला त्याच्या. मी विसरलो नव्हतो. मला तुम्ही जाऊच दिलं नाहीत. मग ती माझ्या दारात का येईल? मी कडी न लावता कुणाची वाट बघत बसलो? आली असेल तर ती तुमच्याकडे आली असेल.

म्हणून आता मी आधीचा प्रश्न विचारतो आणि नंतरचाही. गाठी सोडल्या होत्या का? मारल्या तरी होत्या का? नियम सांगू नका, माफी सांगू नका, हो किंवा नाही सांगा. आणि नसतील सोडल्या, तर ती आली होती का? सगळेच पांढऱ्या झग्यांत, त्यातून तुम्हाला तिनं ओळखलं कसं? तिचा उजवा गुडघा दुखतो, ती डावीकडे कलून उभी राहते, तशी उभी होती का तुमच्या मागच्या दारात? तुम्ही दार उघडलंत की बॅटरी आणायला आत गेलात? सोड म्हणाली? अजून काही म्हणाली? पाकने कुठं आहे, असं विचारलं का तिनं? तुम्ही तिला काय सांगितलंत? दगड गाडीत आहे, कडी काढलेली आहे, मी घरीच आहे. बोला.